गुलाबी ठिपक्यांची काडतुसं

काडतुसाच्या बुडाशी, पितळेच्या चकतीत बसवलेल्या टोपीवर, एक गुलाबी ठिपका होता – नखांना लावायच्या रंगाचा, आणि तोही व्हर्लिनच्या बायकोच्या, अर्लिसच्या, त्या बाटलीतला, जी तिने भाचीच्या लग्नासाठी हौसेने आणली होती आणि एकदाच वापरून, मी काय आता सोळा वर्षांची आहे का, म्हणत कपाटात ठेवून दिली होती. ठिपक्याची कड एका बाजूला जराशी ओघळलेली. व्हर्लिनने काडतूस उन्हात धरलं, तर ठिपका हलायला लागला, त्याला कुठेतरी जायची घाई असावी तसा. मग व्हर्लिनने कोपर टेबलावर टेकवलं आणि ठिपका शहाण्यासारखा जागेवर थांबला. बाकीची काडतुसं लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उलटी उभी होती, झाडून सगळी गुलाबी टिळा लावलेली, शाळेच्या संमेलनाला नटवून आणलेल्या पोरांसारखी.

तो स्वतः काडतुसं भरायचा तेव्हा खूण म्हणून काळ्या पेनाची एक रेघ असायची. या घाण्याची रेघ, त्या घाण्याच्या दोन रेघा. हे गुलाबी प्रकरण नवीन होतं, आणि मर्लच्या नजरेला पडलं की तो दिवसभर सोडणार नाही हे व्हर्लिनला घरून निघतानाच माहीत होतं. शिकारीतला त्याचा सोबती मर्ल नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या टेबलावर स्वतःची रायफल पुसत बसला होता. तो उठून आला, वाकून ठोकळ्याकडे बघितलं आणि तोंडातला बडीशेपेच्या वासाचा तंबाखू गालात सरकवला.

"एल्क मारायचाय की त्याच्याशी लग्न लावायचंय?"

"तुझ्याशी कोणी लावलं नाही ना, म्हणून तुला जिथेतिथे लग्नच दिसतं," अर्लिस म्हणाली. ती थर्मासमधून कॉफी ओतत होती आणि तिने मानही वर केली नव्हती.

"मला नको म्हणणाऱ्या बायका तुम्हाला ठाऊक नाहीत, अर्लिसबाई. लांबच्या लांब रांग होती." मर्ल परत आपल्या टेबलाकडे वळला, आणि जाता जाता, काही विशेष नसल्यासारखं, म्हणाला, "व्हर्लिन, माझ्या बहिणीच्या रँचवरून तुझ्यासाठी घोडा आणायचा असला तर तिला आजच सांगावं लागेल हां. नाहीतर ती पाहुण्यांना देऊन टाकेल."

"सांगतो," व्हर्लिन म्हणाला.

सांगतो... काय सांगतो? घोड्याचं काय एवढं. घोडा तर दर वर्षीच येत होता. सप्टेंबर अर्धा झाला, एल्क या थोराड हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, की मोंटानातल्या या खोऱ्यात प्रत्येक घराच्या गॅरेजमधून पितळ आणि तेलाचा वास यायला लागतो, रेंजवर बुधवारी सकाळीसुद्धा कोणी ना कोणी असतं, आणि मर्लला घोड्यांचं विचारावंच लागत नाही. यंदा त्याने विचारलं. व्हर्लिनने उजवा हात कोटाच्या खिशात घातला. तो हात हल्ली खिशात बराच असे.

नियम त्याचाच होता, हे तर आणखी वाईट. एका वर्षी मर्लची गोळी एका मादीच्या पोटात लागली, ती दाट झाडीत शिरली, आणि ते दोघं पालापाचोळ्यात रक्ताचे थेंब शोधत डोंगरभर फिरले, थेंब विरळ होत गेले, मग बर्फ पडला आणि थेंबही संपले. मिळाली नाही ती. तंबूत परत आल्यावर व्हर्लिनने नियम घातला. हंगामाआधी प्रत्येकाने रेंजवर दोनशे यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या मारायच्या आणि ती तिन्ही भोकं अर्लिसच्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली पाहिजेत. दोष काडतुसांत असेल तर दुसरी भरून आणा, परत मारा. पण दोष माणसात असेल तर त्या माणसाने तंबूत बसून बटाटे सोलायचे, जनावरावर नळी धरायची नाही. मर्लने मान्य केलं. मर्ल तेव्हा रडला होता, ते दोघांनीही पुन्हा कधी काढलं नाही.

दुसरा नियम त्याचा नव्हता, तो रेंजवरच्या सगळ्यांचाच होता, कोणी लिहिलेला नव्हता. गोळी सुटली की दुर्बिणीतून बघायच्या आधी बोलायचं – कुठे गेली. चाप दाबला त्या क्षणी नेम धरायच्या काचेतल्या आडव्याउभ्या रेघा कुठे होत्या ते नेमबाजाला ठाऊक असतं. मध्ये, तर मध्ये. हाताने ओढ घेतली असेल तर ओढली म्हणायचं, कुठल्या बाजूला तेही. आधी बघून मग "ही माझ्याकडूनच जरा ओढली गेली" म्हणणाऱ्या माणसाला इथे कोणी कॉफी विचारत नाही.

त्याने झाकण खिशात चाचपलं. होतं. मग बसला.

वाळूच्या पिशवीवर नळीचा लाकडी दस्ता, दुसऱ्या पिशवीवर मागचं टोक, खांदा, गाल. गुलाबी ठिपक्याचं पहिलं काडतूस आत सरकलं आणि खटका बसला. किती सहज बसला... पुंगळीची मान जरा जरी जाड राहिली असती तर हाताला कळलं असतं. अर्लिस. गेल्या हिवाळ्यात एकदा तो तळघरात टेबलाशी बसला होता, बंदुकीची दारू मापायच्या छोट्या वाटीतून मोहरीहून बारीक दाणे काट्यावर कमी आणि टेबलावर जास्त पडत होते, तो पुन्हा गोळा करत होता, पुन्हा सांडत होता, आणि जिन्यावर ती कधी येऊन उभी राहिली त्याला कळलं नाही. ती जवळ आली आणि म्हणाली, "सरक." एवढंच. नवऱ्याला खुर्चीवरून उठवताना बायका जेवढ्या कोरडेपणाने म्हणतात तेवढ्याच. तो सरकला. नंतर रोज जेवण झाल्यावर ती खाली जायची. वाटीला नखाने हळूच टिचकी मारून एकेक दाणा पाडायची, ओठ हलायचे पण आवाज नाही, प्रत्येक पुंगळी दिव्याकडे धरून तिची मान बघायची आणि केसाएवढी चीर दिसली की बाजूला. बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, ब्रेक दोनदा बघितल्याशिवाय जी कधी गाडीत चढली नाही. चर्चमधल्या गोधडी-मंडळात तिने सांगितलं होतं म्हणे, संध्याकाळी मी आता विणत नाही, मी दारू भरते. त्यावर पास्टरच्या बायकोला ठसका लागला.

श्वास अर्धा सोडला. रेघा काळ्या गोलावर बसल्या, जरा हलल्या, बसल्या. चाप.

खांद्याला ओळखीचा धक्का बसला आणि आवाज टेकडीवर जाऊन परत आला.

"मध्ये," तो म्हणाला.

अर्लिस उभ्या दुर्बिणीशी बसली होती. ती क्षणभर थांबली. "थोडी उजवीकडे," म्हणाली.

उजवीकडे? शक्य नाही. मी मध्ये सोडली होती, मला दिसल्या ना रेघा... असो. पहिली गोळी थंड नळीतून जाते, तिचं काही खरं नसतं. त्याने दुसरी भरली. यावेळी त्याने मुद्दाम वेळ घेतला. गालाला लाकडाचा गारवा लागत होता. त्याला आठवलं की गेल्या वर्षी याच टेबलावर याच वेळी उन्हाची तिरीप डोळ्यावर येत होती, आणि अर्लिसने आपली गवती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून दिली होती, आणि मर्ल – चाप.

"मध्ये."

यावेळी ती जास्त वेळ थांबली. "खाली आहे, व्हर्लिन. डावीकडे खाली."

टेकडीच्या पायथ्याशी खांबावरचं कापडी निशाण अगदी पडून राहिलं होतं. वारा नाही. दोन्ही गोळ्या मध्ये सुटल्या आणि दोन्ही भलतीकडे गेल्या. म्हणजे... म्हणजे काडतुसं. दारू कमीजास्त पडली असणार, नाहीतर गोळ्या सारख्या खोल बसल्या नसतील. त्याच्या छातीत आधी हायसं वाटलं – खोटं कशाला बोला, वाटलंच – माझा हात नाही, काडतुसं आहेत, दुसरी भरता येतील, घोडा येऊ दे. आणि त्या हायसं वाटण्याच्या मागोमाग अर्लिसचा चेहरा आला, दिव्याखालचा, ओठ हलणारा. ती आत्ता दुर्बिणीवरून मान वर करत नव्हती. तिची पाठ ताठ होती. पोरं बसमधून उतरल्यावर कोणाचा तरी डबा मागे राहिलाय हे कळलं की ती अशी ताठ व्हायची.

सबंध हिवाळा. बाई, तू सबंध हिवाळा त्या तळघरात घालवलास, कशासाठी, तर मला सांडलेले दाणे वेचताना बघवलं नाही तुला. आणि आता मर्लसमोर मी म्हणू, की बायकोने भरलेली काडतुसं कुचकामी निघाली?

तिसरी गोळी त्याच्या आयुष्यातल्या उत्तम गोळ्यांपैकी असावी. रेघा अशा थांबल्या होत्या की जणू कागदावरच छापल्या आहेत. चाप कधी सुटला हे त्याचं त्यालाही कळलं नाही, आणि तसंच असायला हवं. धक्का ओसरला. त्याने गाल उचलला आणि मोठ्याने, मर्लला ऐकू जाईल असं म्हणाला, "ओढली मी."

"कुठे?" मर्लने विचारलं.

"उजवीकडे. जोरात ओढली. मघाच्या दोन्हीसुद्धा माझ्याकडूनच गेल्या असणार. काडतुसं चोख आहेत."

इतक्या वर्षांत या टेबलावर त्याने सांगितलेलं हे पहिलं खोटं. त्याला वाटलं होतं जीभ अडखळेल, पण मुळीच अडखळली नाही. उलट मजा वाटली, चोरून साखर खाल्ल्यासारखी. अर्लिसने दुर्बिणीतून बघितलं आणि हळूच मान हलवली. "हो," ती म्हणाली. "उजवीकडेच आहे."

मर्ल उठून जवळ आला नाही. ही गोष्ट व्हर्लिनच्या ध्यानात आली. मर्ल आपल्या जागेवरून नुसता त्याच्या उजव्या हाताकडे बघत होता, आणि व्हर्लिनने बघितल्यावर त्याने मान फिरवून थुंकी टाकली. व्हर्लिनने हात खिशात घातला.

"ऊठ," अर्लिस म्हणाली. "मी मारून बघते."

"कशाला? सांगितलं ना मी, की–"

"काडतुसं मी भरली आहेत ना? मग मला कळायला नको, खोट आहे की नाही? ऊठ, व्हर्लिन. सरक."

त्याला खरोखरच भीती वाटली. हिने मारल्या आणि त्याही पसरल्या की संपलं; मग माझ्या खोट्याचा काही उपयोग नाही, हिला कळेल आपण काय भरून ठेवलंय. त्याने तिला दुसरं काहीतरी सुचवायचा प्रयत्न केला – नळी तापली आहे, आधी सँडविच खाऊ, हॅम आहे ना – पण ती बसलीसुद्धा. रबरी गादी खांद्याला नीट लावून घेतली, चष्मा वर सरकवला. व्हर्लिन दुर्बिणीशी येऊन बसला.

बसला, पण दुर्बिणीला डोळा लावला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. पहिल्यांदा त्याने तिला पाहिलं तेही असंच, बाजूने. नोव्हेंबरातली, बक्षीस म्हणून टर्की ठेवलेली नेमबाजीची स्पर्धा होती, तिच्या अंगात भावाचा कोट, बाह्या दुमडलेल्या, आणि गोळी सुटल्यावरही ती गाल लाकडावरून उचलत नव्हती. सुटल्यानंतर सावकाश दोन श्वास तशीच, बाळाच्या छातीला कान लावून बसलेल्या बाईसारखी. ती पहिली आली, तो दुसरा. नंतर पोरांनी पैज लावली म्हणून तिने फळीवरच्या लाकडाच्या गाठी एकेक करून उडवल्या, ही, मग ती, मग ती वरची. त्याने धीर करून विचारलं होतं, टर्की शिजवायला मदत लागेल का. ती म्हणाली, शिजवता मला येते, खायला ये. तेव्हापासून तिने शेकडो गोळ्या मारल्या असतील, आणि एकदाही गाल लवकर उचलला नव्हता. आणि एकदाही "मध्ये" असं सरळ म्हटलं नव्हतं. मध्ये गेली तरी तिचं ठरलेलं – जरा वर वाटते, जरा घाई झाली माझी.

नळी दगडासारखी स्थिर होती. तिचा डावा हात मागच्या वाळूच्या पिशवीवर होता. श्वास अर्धा सुटला... आणि अगदी शेवटच्या क्षणी त्या हाताने पिशवी किंचित दाबली, नळीचं टोक हललं. गोळी सुटली. गाल लगेच वर आला.

"मध्ये," अर्लिस म्हणाली.

व्हर्लिनने दुर्बिणीतून बघितलं. शेजारच्या कागदावर वर, डावीकडे, गोलाच्या बाहेर.

"वर गेली," तो म्हणाला. 

"असं कसं? मी तर मध्ये मारली." तिने दुसरं काडतूस भरलं. पुन्हा तसंच. नळी स्थिर, हात पिशवीवर, आणि शेवटी बोटांची ती छोटीशी, सवयीची नसलेली हालचाल. यावेळी पिशवी दुसऱ्या अंगाला दबली. "मध्ये," ती म्हणाली. तिसऱ्यांदाही "मध्ये," म्हणाली, आणि मग उठून उभी राहिली, हात झटकले.

तिचा खांदा दुखत असेल, त्याने स्वतःला सांगून बघितलं. वय झालं तिचंही. चष्मा नवीन आहे. बराच वेळ, म्हणजे तिने हात झटकून होईपर्यंत, तो या एका गोष्टीला धरून राहिला. पण तीनदा मध्ये. आयुष्यात कधी एकदाही न म्हटलेली बाई तीनदा म्हणते, तेही बेधडक, मर्लला ऐकू जाईल अशा आवाजात. रेंजवरचं सगळ्यात हलकं खोटं, ज्यासाठी माणसाला कॉफी मिळत नाही, ते तिने तीनदा सांगितलं. स्वतःच्या काडतुसांवर. सबंध हिवाळ्यावर.

"झालं," ती आनंदाने म्हणाली. खरंच आनंद होता तिच्या आवाजात. "मर्ल, तू साक्षीदार. माझीच काडतुसं वाईट. माझ्याही पसरल्या. व्हर्लिनचा काही दोष नाही, तो उगाच स्वतःवर घेत होता, बिचारा."

"मी म्हणतच होतो," मर्ल म्हणाला, जरा जास्तच घाईने. "लग्नाची काडतुसं आहेत ती. शिकारीला नाही चालायची."

"मी पुढच्या आठवड्यात दुसरी भरते. दुसरी दारू घेऊ. मग परत येऊ."

व्हर्लिन तिथेच बसला होता. काडतुसं चांगली होती; वाईट असती तर तिला पिशवी दाबावीच लागली नसती. तिने पिशवी दाबली नसती तर तिन्ही गोळ्या झाकणाखालीच काय, बाटलीच्या बुचाखाली मावल्या असत्या. म्हणजे मघा मी जे खोटं बोललो... ते खोटं नव्हतंच. ओढली मी. तिन्ही मीच ओढल्या. आणि मला कळलं नाही! हात थरथरतो ते एक वेळ ठीक, हात म्हातारा होतो, पण मला आतून मध्ये वाटत होतं, शपथेवर सांगितलं असतं मी, त्या तिसऱ्या गोळीवर तर पैज लावली असती. हात आपल्यापाशी खरं बोलायचा, ते त्याने कधी बंद केलं? आणि हिला कधी कळलं – जिन्यावर? की त्याच्याही आधी, कॉफीचा कप बशीत वाजायला लागला तेव्हा?

राग यायला हवा होता. तो रागाची वाट बघत राहिला. त्याऐवजी त्याला एकदम लाजल्यासारखं झालं, कानापर्यंत, त्या टर्कीच्या दिवसासारखं. दोघा म्हाताऱ्या माणसांनी एका सकाळी एकमेकांसाठी खोटं बोलावं, तेही एकाच गोष्टीबद्दल, उलट्या बाजूंनी... आणि ती तर पुढच्या आठवड्यातही बोलेल. त्याच्याही पुढच्या. नवी दारू, नव्या गोळ्या, दर बुधवारी पिशवी दाबेल आणि म्हणेल मध्ये, माझंच चुकलं. हंगाम संपेपर्यंत ती स्वतःला खोटं ठरवत राहील आणि मला एकदाही बटाटे सोलायला बसवणार नाही. माझ्यावर इतकं प्रेम कोणी करावं असं मी काय केलंय, असं त्याला वाटलं, अगदी अशाच शब्दांत.

मर्लने रायफलींचे खटके उघडे टाकले, रायफली टेबलावर ठेवल्या, रेंज बंद म्हणून हाक दिली. कागद आणायला अर्लिस निघाली आणि व्हर्लिन तिच्याबरोबर निघाला. वाळलेल्या गवतातून पायवाट जात होती. 

"खांदा दुखतोय का तुझा?" त्याने विचारलं.

"नाही रे. का?"

"काही नाही. गाल लवकर उचललास."

ती चालत राहिली. तिच्या चालण्यात काही फरक पडला नाही, फक्त टोपीची कड तिने जरा खाली ओढली. "वारा होता," काही वेळाने म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "माझ्याही वेळी होता."

कागदांपाशी ते दोघं शेजारी उभे राहिले. त्याची तीन भोकं, तिची तीन भोकं, दोन्ही पसरलेली. अनोळखी माणसाने बघितली असती तर दोन्ही एकाच हाताची म्हटली असती. खिशातलं झाकण त्याने काढलं नाही. तिने टाचण्या काढल्या आणि आपला कागद पटकन घडी करून कोटात घातला.

"व्हर्लिन," मागून मर्लची हाक आली, लांबून, तोंडाला हात लावून मारलेली. "घोड्याचं काय सांगू तिला?"

अर्लिसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिचं उत्तर तयार होतं, हे तिच्या हनुवटीवरून कळत होतं.

"थांब," व्हर्लिन म्हणाला. "मी सांगतो."

तिने त्याच्याकडे बघितलं. काय सांगणार, असं तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यालाही नीट सांगता आलं नसतं. टेबलापर्यंत दोनशे यार्ड होते आणि तो काही धावत जाणार नव्हता. त्याने उजवा हात खिशातून काढला आणि तिचा हात धरला. पूर्वी तो चालताना तिचा हात धरायचा, गेल्या हिवाळ्यापासून सोडला होता, थंडीचं निमित्त सांगून. त्याची थरथर तिच्या तळव्यात जात होती, तिला ती कळत होती, हे त्याला कळत होतं. त्याने पकड घट्ट केली नाही. कळू दे तिला, असं त्याला वाटलं.